नोंदवहीतले मयत विश्वस्त: खाडीकाठच्या एका मंडळाचं प्रकरण

देवगड ते राजापूर या पट्ट्यातल्या एका खाडीकाठच्या गावाचं हे प्रकरण. गावाचं नाव देत नाही, आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मंडळाचं दफ्तर मी वकील या नात्याने चाळलं, तेव्हा इथे जे लिहितोय ते बव्हंशी कागदांवरून आणि थोडं गावकऱ्यांच्या तोंडून.

वाद सुरू झाला वाळूवरून. तो अडकला मात्र ‘हे मंडळ आहे कुणाचं?’ या प्रश्नावर. संघटना स्वातंत्र्याचा विषय निघाला की बंदी घातलेल्या संघटनांची चर्चा होते. कुणीही बंदी न घालता ज्यांचा आवाज बसला अशी मंडळं तालुक्यागणिक सापडतील, आणि त्यांच्याबद्दल फारसं कुणी लिहीत नाही.

मंडळ

१९८२ च्या गिरणी संपानंतर परळ-लालबागहून गावी परतलेल्यांनी आणि मुंबईत राहिलेल्यांनी मिळून काढलेलं हे ग्रामविकास मंडळ. कोकणात असतं तसंच, दोन तोंडांचं: एक कमिटी गावात, एक मुंबईत. सभा मे महिन्यात किंवा गणपतीत, चाकरमानी आले की. स्मशानशेड, बालवाडी, एसटीच्या थांब्यावर शेड, रात्री-अपरात्री आजाऱ्याला कोल्हापूरला न्यायला गाडी, अशी कामं.

नोंदणी रीतसर आणि दुहेरी. आधी १८६० च्या संस्था नोंदणी अधिनियमाखाली, ज्याला किमान सात माणसं लागतात. मग १९५० च्या मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली, ज्याच्या नावात आता मुंबईऐवजी महाराष्ट्र आहे. धर्मादाय हेतूने नोंदलेली संस्था महाराष्ट्रात आपोआप सार्वजनिक न्यासाच्या व्याख्येत येते, म्हणून एकाच मंडळाची एकाच इमारतीत दोनदा नोंद. विश्वस्तांची नावं असलेल्या उताऱ्याला कार्यालयात सगळे ‘शेड्यूल वन’ म्हणतात.

या मंडळाच्या शेड्यूल वनवर नऊ नावं होती. त्यातले सहा मयत. एकजण नालासोपाऱ्याला मुलीकडे, अंथरुणाला खिळलेले. एकाचा पत्ता लागेना. नववे गुरुजी, ऐंशीच्या पुढचे, गावातच होते आणि त्यांना सगळं लख्ख आठवत होतं.

निवडणुका होत नव्हत्या असं नाही. इतिवृत्ताची वही पाहिली तर दर तीन वर्षांनी नवी कमिटी, सूचक-अनुमोदकासह, खाली सह्या. कुठे शाईचं पेन, कुठे बॉलपेन, मधल्या दोन सभांच्या पानांना वाळवी. फक्त त्यातल्या एकाही बदलाची खबर धर्मादाय कार्यालयाला गेली नव्हती. जायला हवी हेच बहुतेक अध्यक्षांना ठाऊक नव्हतं. ज्यांना ठाऊक होतं त्यांना वाटायचं की आधीच्यांनी दिली नाही, आपण दिली तर आधीचं उकरलं जाईल.

वाळू

खाडीतला परवाना हातपाटीचा होता. होडीतून बुडी मारून पाटीने वाळू काढायची, हा इथला जुना धंदा. प्रत्यक्षात रात्री सक्शन पंप लागायचा आणि पहाटे डंपर निघायचे. खारबंधाऱ्याच्या उघाडीजवळ, म्हणजे खारं पाणी अडवणाऱ्या बांधाच्या दारापाशी, पात्र खोल होत गेलं, भरतीचं पाणी बंधाऱ्याच्या पायातून पाझरून खाजणातल्या, म्हणजे खाडीलगतच्या सखल जमिनीतल्या, भातात शिरू लागलं. पहिली ओरड केली ती तिसऱ्या (खाडीतले शिंपले) काढणाऱ्या बायकांनी. ओहोटीला ज्या पुळणीवर त्या बसायच्या ती पुळणच खचली होती.

ग्रामसभेत ठराव झाला. मंडळाने आपल्या लेटरहेडवर तहसीलदार, प्रांत आणि जिल्हाधिकाऱ्यांना अर्ज दिला. परवानाधारकाच्या वकिलाने दोन पानी उत्तर पाठवलं. वाळूबद्दल त्यात दुसऱ्या पानावर चार ओळी होत्या. पहिलं पान अख्खं मंडळावर: सही करणारे अध्यक्ष आणि सचिव सार्वजनिक न्यासाच्या नोंदवहीत नाहीत, सबब हा अर्ज अनधिकृत व्यक्तींचा आहे, त्याची दखल घेऊ नये. वकील म्हणून सांगतो, युक्तिवाद उत्तम होता. तहसील कार्यालयाने मंडळालाच पत्र धाडलं की शेड्यूल वन सादर करा.

त्याच महिन्यात बँकेने केवायसी काढली. खात्यावर सही चालायची ती दोघांची, दोघेही वारलेले. मधली कित्येक वर्षं वर्गणी रोख जमायची आणि रोखच खर्च व्हायची, त्यामुळे खात्याला कुणी हात लावला नव्हता. आता वकिलाची फी आणि पाण्याच्या नमुन्यांचा खर्च द्यायचा तर खातं बंद. बँकेने नव्या सह्यांसाठी नवं शेड्यूल वन मागितलं आणि जुन्या सहीदारांचं संमतीपत्र. त्यावर खजिनदार शाखेत जे बोलले ते पुढे गावभर झालं: “साहेबानू, मेलेल्या माणसाची सही खंयसून हाडूची?”

कलम २२ ची साखळी

इथे जरा थांबून कायदा नीट पाहायला हवा, कारण खरी गाठ इथे आहे.

विश्वस्त बदलला की तो बदल घडल्यापासून ९० दिवसांत कळवायचा, असं १९५० च्या कायद्याचं कलम २२ सांगतं. त्याला ‘बदल अर्ज’ म्हणतात. इंग्रजाळलेल्या तोंडी ‘चेंज रिपोर्ट’. अर्जासोबत सभेची नोटीस, ती सभासदांना पोचल्याचा पुरावा, इतिवृत्त, नव्या विश्वस्तांची संमतीपत्रं, शपथपत्र, गेलेल्यांचे राजीनामे किंवा मृत्यूचे दाखले. शब्द पाहिले तर ही परवानगी नाही, खबर आहे. बदल सभेत झाला, कार्यालयाने चौकशी करून तो नोंदवायचा. मुंबई उच्च न्यायालयाने चेंबूर ट्रॉम्बे एज्युकेशन सोसायटीच्या प्रकरणात हेच धरलं: रीतसर निवडून आलेल्यांना काम करायला बदल अर्ज मंजूर होईपर्यंत थांबावं लागत नाही.

निकाल चांगला आहे. पण तो बँकेच्या काउंटरवर चालत नाही, तहसीलच्या आवक-जावक टेबलावर चालत नाही. तिथे उतारा चालतो. उताऱ्यावर नाव नाही म्हणजे तुम्ही नाही.

२०१७ मध्ये राज्याने या कलमात दुरुस्ती केली आणि ती खरोखर उपयोगी आहे, हे मान्य करायला हवं. विश्वस्तांच्या नावा-पत्त्याचा बदल असेल तर तो १५ कामकाजाच्या दिवसांत तात्पुरता मान्य करायचा, हरकती मागवण्याची नोटीस लावायची, ३० दिवसांत हरकत आली नाही तर तोच आदेश कायम. उशीर झाला असेल तर कारण दाखवून आणि खर्च भरून विलंब माफ करून घेता येतो. ज्या संस्थेचा कारभार आजवर चोख आहे तिचं काम यामुळे महिन्या-दीड महिन्यात होऊ शकतं.

आमच्या मंडळासारख्यांचं होत नाही, आणि त्याला दोन कारणं आहेत. एक तर साखळी. आजच्या कमिटीला निवडलं कुणी? मागच्या कमिटीने बोलावलेल्या सभेने. मागची कमिटी कायदेशीर होती का? तिचा बदल नोंदलेला नाही. मग आधी तो आणा. असं करत करत आम्ही थेट शेड्यूल वनवरच्या मूळ नऊ जणांपर्यंत मागे गेलो. प्रत्येक कडीला वेगळा अर्ज, वेगळी विलंबमाफी. मुंबईत वारलेल्यांचे दाखले महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसातून. एका मयताचं नाव नोंदवहीत ‘बाबू’, दाखल्यावर ‘बाबाजी’, त्यासाठी नातवाचं शपथपत्र. सभेच्या नोटिसा पोचल्याचा पुरावा कुठून आणणार? नोटीस देवळाच्या खांबाला चिकटवायचे, आणि ज्याला वाचता येत नाही त्याला शेजारचा सांगायचा.

दुसरं कारण म्हणजे हरकत. हरकत आली की तात्पुरत्या मान्यतेची वाट बंद होते आणि अर्ज चौकशीला लागतो. चौकशी म्हणजे दिवाणी दाव्यासारखीच: साक्षीदार, उलटतपासणी, लेखी युक्तिवाद. एका माणसाचा एक पानी अर्ज, आणि वर्षानुवर्षं तारखा. तोवर मंडळ कुणाचं हे अधांतरी.

हरकत आलीच.

हरकतदार

गावात सगळ्यांनी गृहीत धरलं की वाळूवाल्याने माणूस फोडला. मीही सुरुवातीला ते नाकारलं नाही. पण हरकतीचा अर्ज वाचला तेव्हा दिसलं की त्यात तथ्य आहे. खाडीच्या अंगाच्या वाडीतला हा माणूस. त्याचं म्हणणं सरळ होतं: आमच्या वाडीतलं एकही घर तुमच्या सभासद नोंदवहीत नाही, वर्गणी मात्र दरवर्षी नेता. नोटीस देवळाच्या खांबाला लागते आणि त्या देवळाच्या सभामंडपात आमच्या आजोबांना उभं करत नव्हते. मग ही निवडणूक गावाची कशी?

सभासद नोंदवही काढली. त्याचं खरं होतं.

संघटना स्वातंत्र्यावर लिहिणारे ही बाजू सहसा टाळतात. संघटना सरकारपुढे दुबळी असते तशी आपल्याच माणसांवर जबरही असते. कोकणातली गावकी ही नोंदणी नसलेली, तरी भल्याभल्या नोंदणीकृत संस्थांपेक्षा बळकट संघटना. पालखी कुणाच्या दारात जाईल, मान कुणाचा, कुणाकडे मयताला जायचं नाही, हे ती ठरवत आली. वाळीत टाकण्याची प्रकरणं, विशेषतः रायगडमधली, इतकी पुढे आली की महाराष्ट्राला सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला. २०१६ मध्ये विधिमंडळाने तो मंजूर केला, राष्ट्रपतींच्या संमतीनंतर २०१७ मध्ये लागू झाला. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. या गावात कुणी कुणाला वाळीत टाकलं नव्हतं. पण एका वाडीला मोजलंच नव्हतं.

तेव्हा ‘हरकतींमुळे कामं अडतात, हरकती बंद करा’ असं म्हणून भागत नाही. हरकतदाराचं म्हणणं ऐकलंच पाहिजे. प्रश्न एवढाच, की ते ऐकलं जात असताना खाडी कुणी सांभाळायची?

मंडळ नसेल तर

राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात जायचं ठरलं. पश्चिम विभागाचं खंडपीठ पुण्याला. अशा वादासाठी कायद्याच्या कलम १४ खाली मुदत सहा महिने, आणि पुरेसं कारण असेल तर वर फार तर ६० दिवस. बदल अर्जाच्या चौकशीला वर्षं लागणार, न्यायाधिकरण आठ महिन्यांपलीकडे थांबणार नाही. न्यायाधिकरणाच्या कायद्यात पीडित व्यक्तीबरोबर प्रातिनिधिक संस्थेलाही अर्ज करता येतो. पण १८६० च्या कायद्याच्या कलम ६ प्रमाणे संस्था दावा लावते तो अध्यक्ष, सचिव किंवा विश्वस्त यांच्या नावाने. पहिल्याच तारखेला पुन्हा तोच दोन पानी युक्तिवाद समोर आला असता.

शेवटी तिघांनी वैयक्तिक नावाने अर्ज केला: एक मच्छीमार, एक खाजणात शेती असलेला, आणि तिसऱ्या विकणाऱ्या एक काकी. कायद्याच्या दृष्टीने यात काही बिघडलं नाही. माणसाच्या दृष्टीने सगळं बिघडलं. मंडळाच्या लेटरहेडवर अर्ज गेला असता तर तो गावाचा होता. आता तो अमक्याच्या मुलाचा आणि तमकीच्या सुनेचा झाला. परवानाधारक त्यांच्याच भावकीतला. शेतकऱ्याच्या भावाला डंपरवरची नोकरी गमवावी लागली. तिघांनाही पोलिसांची प्रतिबंधक नोटीस आली, पूर्वी जी फौजदारी संहितेच्या कलम १४९ खाली यायची आणि आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६८ खाली येते. मोर्चा निघालेला नव्हता, निघणारही नव्हता. काकींनी नोटीस मला दाखवली आणि विचारलं, “ह्या मंडळाच्या नावान इला असता तर माझ्या घराक पोलीस इले असते काय?”

संघटना करण्याच्या हक्काचं एवढं नेमकं स्पष्टीकरण मी कुठल्या निकालात वाचलेलं नाही. एकट्याला जे बोलायला भीती वाटते ते मंडळाच्या शिक्क्याखाली बोलता यावं, याच्यासाठी तो हक्क आहे.

राज्यघटनेच्या अनुच्छेद १९(१)(ग) मध्ये तो सगळ्या नागरिकांना दिलेला आहे आणि १९(४) खाली त्यावर वाजवी निर्बंध घालता येतात, तेही सार्वभौमत्व आणि एकात्मता, सार्वजनिक सुव्यवस्था आणि नीतिमत्ता एवढ्याच कारणांसाठी. १९७१ मध्ये दमयंती नारंगा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ज्यांनी स्वेच्छेने संघटना उभारली त्यांच्यासह ती चालू ठेवणं हाही त्याच हक्काचा भाग. त्याआधी १९६१ मध्ये बँक कर्मचाऱ्यांच्या प्रकरणात मात्र हेही ठरलं होतं की संघटना स्थापन करायचा हक्क म्हणजे तिचे हेतू साध्य होण्याची हमी नव्हे. आमचं मंडळ या दोन निकालांच्या मधल्या फटीत पडलं. त्याला कुणी मोडलं नाही, कुणी त्यात परका घुसवला नाही. नोंदवहीतली एक ओळ बदलली नाही, एवढंच. आणि उशिराला कुणी हक्कभंग म्हणत नाही.

पैसे आणि भीती

मधल्या काळात गावातल्या तरुणांनी नोंदणीविना एक बचाव समिती केली. तसं करायला कायद्याची काही आडकाठी नाही. चार माणसं एकत्र येऊन समिती म्हणू शकतात. पण समितीला खातं नाही, म्हणून वर्गणी एका मुलाच्या फोनवरच्या गुगल पेवर. गणेशोत्सव मंडळं दरवर्षी धर्मादाय कार्यालयातून कलम ४१ क खाली वर्गणीची परवानगी घेतात, तेव्हा तुम्ही कशी घेतली नाही, असा तक्रारअर्ज लगेच पडला. मुलाने घाबरून पैसे ज्याचे त्याला परत केले.

कुवेतहून एकाने मोठी रक्कम देऊ केली होती, लंडनहून एकीने. दोन्ही नाकारल्या, ‘फॉरेनचा पैसा, एफसीआरए लागेल’ म्हणून. एफसीआरए म्हणजे परकीय देणग्यांवर नियंत्रण ठेवणारा केंद्राचा कायदा. यातली अर्धी भीती अनाठायी होती. कुवेतवाल्याचा पासपोर्ट भारतीय. परदेशात राहणाऱ्या भारतीय नागरिकाने आपल्या कमाईतून, नेहमीच्या बँक मार्गाने दिलेली देणगी हे परकीय योगदान धरलं जात नाही. लंडनच्या बाईंनी ब्रिटिश नागरिकत्व घेतलंय, त्यांचं मात्र धरलं जातं. आखातात गावागणिक माणसं असलेल्या कोकणात हा फरक प्रत्येक खजिनदाराला माहीत हवा, आणि मला भेटलेल्यांपैकी जवळजवळ कुणालाच नव्हता. २०२० च्या दुरुस्तीनंतर तो कायदा कडक झाला हे खरं: परकीय पैसा दुसऱ्या संस्थेला देता येत नाही, प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० वर, खातं दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतच. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या दुरुस्त्या मुख्यतः उचलून धरल्या. पण त्याच न्यायालयाने मार्च २०२० मध्ये ‘इन्साफ’ या संस्थेच्या प्रकरणात हेही म्हटलं होतं, की राजकीय हेतू नसताना हक्कांसाठी लढणाऱ्या नागरिकांना पाठिंबा दिला एवढ्यावरून संस्थेला राजकीय स्वरूपाची ठरवता येणार नाही.

दुसरी भीती जनसुरक्षा कायद्याची. महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक जुलै २०२५ मध्ये दोन्ही सभागृहांत मंजूर झालं आणि पुढच्याच सभेत एका ज्येष्ठ सभासदाने कमिटीतून नाव काढायला सांगितलं. हे पाहून तरुण हसले. मला हसू आलं नाही. सरकार म्हणतं की रोख कडव्या डाव्या संघटनांवर आहे, आणि या मंडळाचा माओवादाशी संबंध जोडणारा माणूस वेडाच म्हणायचा. पण बेकायदा कृत्याच्या व्याख्येत सुव्यवस्थेत अडथळा आणण्याकडे कल असलेली कृती येते, प्रस्थापित कायद्याची अवज्ञा करायला प्रोत्साहन देणंही येतं. सभासदाला तीन वर्षांपर्यंत कैद, सभासद नसताना मदत किंवा वर्गणी दिली तरी दोन वर्षांपर्यंत. या गावाने एप्रिल २०११ मध्ये जैतापूर अणुप्रकल्पाविरुद्धच्या आंदोलनात साखरी-नाट्याच्या गोळीबारात मच्छीमार तरुण गेलेला जवळून ऐकलाय, एप्रिल २०२३ मध्ये रिफायनरीविरोधी आंदोलनात बारसूच्या सड्यावरची जमावबंदी आणि धरपकड फोनवर पाहिलीय. ‘आपल्याला लागणार नाही’ हे त्यांना कुठल्या आधारावर सांगायचं?

आधार कायद्यातच असायला हवा होता, आणि तो कसा असावा हे १९५२ मध्येच ठरलंय. मद्रास राज्य विरुद्ध व्ही. जी. राव या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने संघटना बेकायदा ठरवण्याची सरकारची तरतूद रद्द केली. संघटना बेकायदा ठरवण्यामागच्या कारणांची न्यायालयीन छाननी नाही आणि सल्लागार मंडळ हा त्याला पर्याय नाही, हा त्यातला गाभा. १९६७ च्या केंद्राच्या यूएपीएत (बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्यात) निदान उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाचं न्यायाधिकरण आहे आणि बंदी सहा महिन्यांत त्याच्यापुढे टिकावी लागते. २०२५ मध्ये आपण पुन्हा सल्लागार मंडळावर आलो. अध्यक्ष निवृत्त न्यायमूर्ती असले तरी ते न्यायालय होत नाही. व्याख्येतले ‘कल’ आणि ‘प्रोत्साहन’ काढावेत, वर्गणीदाराला शिक्षा करायची तर त्याला माहीत होतं हे सिद्ध करावं लागावं, आणि बंदी न्यायालयीन मोहोर लागल्यावरच अमलात यावी. एवढ्या दुरुस्त्यांनी सरकारचं कुठलंही खरं काम अडत नाही.

तोडगा

बदल अर्जाचा तिढा कायद्याने सुटला नाही. गुरुजींनी सोडवला. शेड्यूल वनवरचे ते एकच हयात आणि हिंडते-फिरते विश्वस्त, तेव्हा सभा बोलवायचा निर्विवाद अधिकार त्यांचा, हे त्यांच्याच ध्यानात आलं. त्यांनी आधी हरकतदाराच्या वाडीत जाऊन बैठक घेतली. सभासद नोंदवही नव्याने उघडली, दर घरातून दोन नावं, त्यात एक बाईचं. नोटीस देवळाऐवजी ग्रामपंचायतीच्या फलकावर आणि प्रत्येक घरी सही घेऊन. निवडणूक शाळेत झाली. हरकतदार स्वतः कमिटीत आले आणि त्यांनी हरकत मागे घेतली. मग जुन्या कड्या एका वेळी न जोडता, मूळ नऊ जणांवरून थेट या कमिटीवर येणारा एकच अर्ज दिला, मधल्या सगळ्या वर्षांच्या विलंबमाफीसह. तो तात्पुरता मान्य झाला, मुदतीत कुणी हरकत घेतली नाही, कायम झाला.

न्यायाधिकरणातलं प्रकरण चालू आहे, त्यावर इथे लिहिणं बरं नाही. बँकेचं खातं उघडलं. डंपरवरची नोकरी गेलेल्याला ती परत मिळालेली नाही.

गुरुजी नसते तर? हा प्रश्न मी तालुक्यातल्या दोन-तीन वकिलांना विचारला आणि त्यातून आमचा एक मसुदा तयार झाला. संस्थांचा विषय राज्यसूचीतल्या नोंद ३२ मध्ये येतो आणि धर्मादाय संस्थांचा समवर्ती सूचीत, म्हणजे दिल्लीची वाट पाहायची गरज नाही. कर्नाटकाने १९६० मध्ये आणि तामिळनाडूने १९७५ मध्ये आपापले संस्था कायदे केले. आपण अजून १८६० वर. संयुक्त राष्ट्रांच्या विशेष प्रतिवेदकांनी २०१२ च्या अहवालात परवानगीपेक्षा नुसत्या सूचनेवर चालणारी नोंदणी बरी म्हटलीय. नागरी आणि राजकीय हक्कांच्या ज्या आंतरराष्ट्रीय कराराचा आधार त्यामागे आहे तो भारताने १९७९ मध्ये स्वीकारला. मसुदा मात्र एवढ्या लांब जात नाही.

त्यात मुख्य मागणी एकच. हरकत आली तरी तात्पुरती मान्यता टिकावी. ती काढायची असेल तर अधिकाऱ्याने कारणं लिहून आदेश द्यावा. चौकशी सहा महिन्यांत संपवावी, आणि तात्पुरत्या मान्यतेचा उतारा बँक व सरकारी कार्यालयांवर बंधनकारक असावा. शिवाय दहा वर्षांवरची प्रलंबित साखळी असलेल्या लहान मंडळांसाठी एकदाच एक खिडकी: सर्व ज्ञात सभासदांना घरपोच नोटीस देऊन, ग्रामसेवकाच्या समक्ष नव्याने निवडणूक, आणि एकच बदल अर्ज. घरपोच नोटिशीचा आग्रह हरकतदारांच्या वाडीवरून आला.

मसुदा आमदारांकडे दिला तेव्हा त्यांचा प्रश्न रास्त होता: हरकत प्रलंबित असताना एखादी टोळी तात्पुरत्या मान्यतेवर बसून मंडळाची जागा विकून मोकळी झाली तर? त्याचं उत्तर १९५० च्या कायद्यातच आहे. कलम ३६ खाली न्यासाची स्थावर मालमत्ता धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय विकता किंवा बक्षीस देता येत नाही, शेतजमीन दहा वर्षांपेक्षा आणि इतर जागा तीन वर्षांपेक्षा जास्त काळ भाड्याने देता येत नाही. मंडळाचे उद्देश बदलायचे तर १८६० च्या कायद्याच्या कलम १२ खाली दोन विशेष सभा लागतात, महिन्याच्या अंतराने, दोन्हींत तीन पंचमांश मतं. राहता राहिलं ते अर्ज करणं, सभा घेणं, खातं चालवणं, खटला लढवणं. त्यासाठी तात्पुरती मान्यता पुरेशी आहे, असं आम्ही त्यांना लेखी कळवलं. मसुदा सध्या विधी विभागाच्या अभिप्रायासाठी गेला आहे.